उभ्या गाडीचा हिशेब

भाकरी थापत ऐकत असाल तर थापत राहा. कांद्याच्या खळ्यावर असाल तर फोन शेजारी ठेवा आणि हात चालू द्या. आज आम्ही शेळीपालनावर बोलणार नाही, पापड-लोणच्यावरही नाही. आज बोलायचं आहे ट्रकवर.

ट्रकचं आपल्या बायकांना काय, असं तुमच्या मनात येईल. आमच्याही आलं होतं. पण आमच्या गावात घरची गाडी असलेली नऊ घरं आहेत. तीन घरी सहा टायरचा ट्रक, बाकीच्यांकडे पिकअप किंवा छोटा हत्ती. या नऊही घरांत मालक तोच, ड्रायव्हर तोच, आणि टायर पंक्चर झाला तर जॅक लावणाराही तोच. गाडी फायनान्सवर घेतलेली असते. पण टायर झिजला, बॅटरी बसली, विमा भरायचा झाला की पैसे कुठून येतात? बायकोच्या गटातून. आमच्या ग्रामसंघाची कर्जाची यादी काढली तेव्हा नऊपैकी सात घरांनी गाडीसाठीच कर्ज घेतलेलं निघालं. म्हणजे त्या चाकाखाली आपली बचत आहे. गाडी चालली तर हप्ता येतो, गाडी उभी राहिली तर हप्ता अडतो.

हे आम्हाला कळलं ते एका बैठकीत, आणि खरं सांगायचं तर आमच्याच चुकीमुळे कळलं.

आमच्या गटात एक सदस्य आहे. तिचं नाव सांगत नाही, तिची तशी इच्छा आहे. तिला आपण गाडीवाल्या वहिनी म्हणू. वहिनींनी मागचे दोन टायर घ्यायला गटातून ४०,००० रुपये घेतले होते. पहिले पाच हप्ते वेळेवर आले. मग एक चुकला, दुसरा चुकला. आपल्या पंचसूत्रीत नियमित परतफेड आहेच. आमच्या गटात उशिराला ५० रुपये दंड आहे, तो आम्ही लावला. वर चार शब्दही सुनावले. "वहिनी, गाडी तर सारखी रस्त्यावर असते, मग पैसे जातात कुठे?" असं आम्हीच विचारलं. आज ते आठवलं की वाईट वाटतं.

वहिनी काही बोलल्या नाहीत. पिशवीतून पोराची जुनी वही काढली आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही गटाचा हिशेब लिहिता ना, मग हा पण एकदा मांडून द्या. मला तर काही केल्या जुळत नाही."

आम्ही मांडला. तो आता तुम्हीही ऐका.

भाऊजी कांदा घेऊन हैदराबादला गेले होते. मंगळवारी सकाळी गाडी खाली झाली. आता परतीचं भाडं पाहिजे. रिकामी गाडी घरी आणायची म्हणजे डिझेल आपल्या खिशातून. हल्ली भाड्याची खबर फोनवर येते, दलालांचे व्हॉट्सअ‍ॅपवर गट असतात. तिथं निरोप आला, "पुणे, १० टन, माल रेडी, एक पॉइंट, भाडं २०,०००." एक पॉइंट म्हणजे माल एकाच ठिकाणी उतरवायचा. भाऊजींनी होकार कळवला आणि ४० किलोमीटर रिकामी गाडी घेऊन कारखान्याच्या गेटवर गेले.

गेटवर पुढे अकरा गाड्या उभ्या. माल रेडी नव्हताच, अजून बनत होता. मंगळवारची रात्र गेली, बुधवारची गेली. गुरुवारी संध्याकाळी गाडी भरली. काट्यावर नेली तर माल १० टन नाही, साडेबारा टन! आता बघा, सहा टायरच्या ट्रकचं गाडीसकट एकूण वजन २०१८ सालापासून १८.५ टनांपर्यंत चालतं, त्याआधी ते १६.२ टन होतं. भाऊजींची रिकामी गाडी साडेसहा टनांची. म्हणजे १२ टनांच्या वर एक गोणीसुद्धा नको. २०१९ साली मोटार वाहन कायदा बदलला, त्यात जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये असं लिहिलेलं आहे. भाऊजींनी दोन तास हुज्जत घालून ५० किलोच्या दहा गोण्या उतरवायला लावल्या. पण १० टन सांगून १२ टन भरले त्याचं काय? त्याचं काही नाही. कारण भाडं टनावर नव्हतं, गाडीवर ठोक होतं.

शनिवारी सकाळी गाडी पुण्याजवळ गोदामाच्या दारात. वॉचमन म्हणाला, "आज हाफ डे, गाडी घेणार नाहीत." रविवारी सुट्टी. सोमवारी निम्मा माल उतरला आणि तेव्हा कळलं की उरलेला माल २२ किलोमीटरवर दुसऱ्या गोदामात द्यायचाय. एक पॉइंटचे दोन पॉइंट झाले. मंगळवारी गाडी खाली झाली. मंगळवार ते मंगळवार, सात दिवस. त्यात गाडी दोन दिवस चालली आणि पाच दिवस उभी राहिली.

आता पैसे. २०,००० पैकी १४,००० अ‍ॅडव्हान्स मिळाला होता. बाकीचे ६,००० पोच गेल्यावर, म्हणजे माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती दलालाकडे पोचल्यावर. त्या ६,००० मधून कमिशन १,००० गेलं, मुन्शियाना २०० गेला, टीडीएसचे म्हणून २०० गेले. आणि वर १,००० रुपये कापले, कशाचे? "माल उशिरा पोचला" म्हणून! हातात आले ३,६००, तेही ३८ दिवसांनी.

खर्च असा: डिझेल १०,५००, टोल २,५००, दोन्ही ठिकाणी वाराईचे मिळून १,२००, काटा आणि पार्किंगचे ४००, सात दिवसांचं जेवण-चहा २,१००. एकूण १६,७००. मिळाले १४,००० आणि ३,६००, म्हणजे १७,६००. वजा करा.

राहिले ९०० रुपये.

सात दिवसांची कमाई ९०० रुपये. गाडीच्या फायनान्सचा हप्ता महिन्याला २४,००० आहे, म्हणजे रोजचे ८००. सात दिवस राबून भाऊजींनी एका दिवसाचा हप्ता आणि वर १०० रुपये आणले होते. आणि आम्ही त्या घरावर ५० रुपये दंड लावून बसलो होतो.

बैठकीत कुणी बोलेना. कारखान्याने दोन दिवस उशीर केला, गोदामाने तीन दिवस उशीर केला, आणि उशिराचे पैसे कापले गाडीवाल्याचे. तिथे कापले आणि इथे आम्हीही घेतले.

आमच्यातली एक मावशी म्हणाली, "अगं, धंदा म्हटलं की थांबावं लागतंच." त्यावर दुसरी पटकन बोलली, "मावशी, परवा कांदा लावायला गेलो, रोपं आली नाहीत म्हणून दुपारपर्यंत बांधावर बसलो. तेव्हा अर्धा रोज कोणी मागितला?" मावशी हसली. तिनेच मागितला होता, आणि घेतला होता. बांधावर बसलेल्या बाईचा अर्धा रोज तिच्या हक्काचा, मग गेटवर बसलेल्या गाडीवाल्याचा का नाही?

मैत्रिणींनो, तिथून आम्ही हा विषय हातात घेतला. गावातल्या सगळ्या गाडीवाल्या घरांतल्या बायकांना बोलावलं, पुरुष गावात होते त्यांनाही बोलावलं. तीन बैठका झाल्या. त्यातून तीन गाठी दिसल्या. माहितीची, थांबण्याची आणि कपातीची.

पहिली गाठ माहितीची. माल कुणाचा, खरं भाडं किती ठरलं, हे गाडीवाल्याला कळतच नाही. मालवाला मोठ्या ट्रान्सपोर्टला देतो, तो दलालाला सांगतो, दलाल दुसऱ्या दलालाला. शेवटी निरोप आपल्या फोनवर येतो तेव्हा त्यात काय गळलं, काय वाढलं कोण जाणे. आणि गाडीवाल्याच्या मनात एकच भीती, "मी विचारत बसलो तर दुसरा होकार देईल." म्हणून तो न विचारताच निघतो. एकदा गेटच्या आत गेला की परतायची सोय नाही.

दुसरी गाठ थांबण्याची. गाडीवाले याला हॉल्टिंग म्हणतात. हॉल्टिंग द्यायचं असतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण आधी ठरवलेलं नसतं. मग मागितलं की दलाल म्हणतो पार्टी देत नाही, पार्टी म्हणते दलालाशी बोला. आम्ही भाऊजींना विचारलं, "तुमची गाडी एक दिवस उभी राहिली तर किती नुकसान होतं?" ते म्हणाले, "काही नाही, डिझेल तर जळत नाही." वहिनींनी लगेच वही पुढे केली. हप्त्याचे रोजचे ८००. विमा, टॅक्स आणि पासिंग मिळून वर्षाला ७३,०००, म्हणजे रोजचे २००. बाहेरचं खाणं ३००. आणि भाऊजी स्वतः? दुसऱ्याच्या गाडीवर गेले असते तर रोजचे ७०० मिळाले असते, ते धरायचे की नाही? भाऊजी गप्प. आम्ही धरले. झाले २,०००. उभी गाडी रोज २,००० रुपये खाते. आकडे प्रत्येकीच्या घरी वेगळे असतील, पण आकडा शून्य नाही एवढं नक्की. पाच दिवसांचे झाले १०,०००. गटाचे दोन्ही थकलेले हप्ते त्यात गेले असते आणि वर उरले असते.

थांबण्यात आणखी एक धोका आहे. मालासोबत ई-वे बिल असतं. २०२१ पासून साध्या मालगाडीला दर २०० किलोमीटरला एक दिवस असा त्याचा हिशेब आहे. कागद निघाला, गाडीचा नंबर चढला की मुदत सुरू. गाडी भरून गेटच्या आतच अडकली किंवा वाटेत खोळंबली तरी घड्याळ चालूच. मुदत संपलेली गाडी रस्त्यात पकडली तर अडकते ती गाडी आणि तिच्यात बसलेला माणूस. मुदत वाढवून मिळते, पण ती संपायच्या आधीच्या आठ तासांत किंवा नंतरच्या आठ तासांत वाढवावी लागते. म्हणून गाडी अडली की लगेच ट्रान्सपोर्टवाल्याला कळवायचं, आणि कळवल्याची खूण ठेवायची.

तिसरी गाठ कपातीची. कमिशन, मुन्शियाना, वाराई, हमाली, काटा, पार्किंग. एकेक रक्कम लहान, म्हणून भांडायला लाज वाटते. वर्षाची बेरीज केली तर लाज वाटत नाही. वहिनींच्या वहीत एका वर्षाची वाराईच ३१,००० निघाली. गाडीवाले बरेच वर्षं म्हणत आले आहेत की ज्याचा माल त्याचा हमाल. माल मालवाल्याचा, तर तो चढवायचा-उतरवायचा खर्च गाडीवाल्यावर का?

इथे थोडं थांबून एक सांगितलं पाहिजे. हे ऐकून कुणी हमाल भावांवर राग धरू नका. त्यांच्या पाठीवर गोणी आहे आणि त्यांची मजुरी त्यांना मिळालीच पाहिजे. आपल्या महाराष्ट्रात त्यांच्यासाठी १९६९ सालचा माथाडी कायदा आहे, अण्णासाहेब पाटलांसारख्या नेत्यांनी त्या हक्कासाठी आयुष्य वेचलं. आमच्या गटातल्या दोघींचे मालक बाजार समितीत हमाली करतात. प्रश्न मजुरी द्यायची की नाही हा नाही, कुणाच्या खिशातून द्यायची हा आहे. दलालांचंही तसंच. दलाल नसता तर हैदराबादेत भाऊजींना माल कुणी दिला असता? काही दलाल स्वतःच्या खिशातून अ‍ॅडव्हान्स देतात आणि पार्टीकडे महिनोन्महिने हेलपाटे मारतात. कमिशन हा त्याच्या कामाचा मोबदला आहे, तो घेऊ द्या. पण तो किती, हे गाडी भरायच्या आधी कळलं पाहिजे, बाकी पैसे मिळताना नाही.

मग आम्ही काय केलं? फार मोठं काही नाही. जे आपल्याला येतं तेच केलं, वही घातली. प्रत्येक गाडीवाल्या घरात एक गाडीवही. ती बाईने लिहायची. भाऊजी तिकडून फोन करतात, तेव्हा "जेवलात का?" विचारल्यावर पुढचा प्रश्न, "गाडी किती वाजता लागली?" आली कधी, भरायला घेतली कधी, निघाली कधी, पोचली कधी, खाली झाली कधी. पाच वेळा लिहायच्या. पुढे पैसे: किती ठरले, किती आले, काय कापलं आणि कशाचं कापलं.

दुसरं, भाडं घ्यायच्या आधी विचारायचे आठ प्रश्न आम्ही एका कागदावर लिहिले आणि प्रत्येक गाडीत काचेजवळ चिकटवले. पेन असेल तर तुम्हीही लिहून घ्या.

एक, माल कोणता आणि आत्ता तयार आहे का? दोन, वजन किती, आणि भाडं टनावर की गाडीवर ठोक? तीन, किती ठिकाणी भरायचं, किती ठिकाणी उतरवायचं? चार, गेट कधी उघडं असतं, सुट्टीचा दिवस कोणता? पाच, किती तासांनंतर हॉल्टिंग सुरू होणार आणि दिवसाला किती? सहा, वाराई-हमाली कोण देणार? सात, कमिशन आणि बाकीची कपात मिळून किती? आठ, अ‍ॅडव्हान्स किती आणि बाकी पोच मिळाल्यावर किती दिवसांत?

हे तोंडी विचारून भागत नाही. उत्तरं मिळाली की तीच फोनवर लिहून पाठवायची. आम्ही असा नमुना केला: "शेठ, आपलं ठरलं त्याप्रमाणे: पुणे, १० टनांपर्यंत, एक पॉइंट, भाडं २०,०००, वाराई पार्टीची, २४ तासांनंतर हॉल्टिंग रोज २,०००. बरोबर असेल तर होय कळवा." समोरून होय आलं की गाडी हलवायची. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. आपण गटात ठराव लिहून सही घेतो ना, तेवढंच.

तिसरं, पुरावा. गेटवर पोचलं की गेटच्या वहीत वेळ लिहायला सांगायची, एन्ट्रीचा फोटो घ्यायचा. काट्याच्या पावतीवर वेळ छापलेली असते, ती फेकायची नाही. फास्टॅगचे पैसे कापल्याचा निरोप येतो त्यात टोलनाक्याची वेळ असते, तो पुसायचा नाही. पोच देताना सही-शिक्क्याबरोबर गाडी आल्याची आणि खाली झाल्याची वेळ लिहून घ्यायची. मग पोचेचा फोटो काढायचा आणि त्यानंतरच कागद दलालाकडे द्यायचा.

आता याचा उपयोग झाला का? झालाही आणि नाहीही. खोटं सांगणार नाही. पहिल्याच आठवड्यात एका दलालाने भाऊजींचा निरोप वाचला आणि उत्तर दिलं, "गाड्या खूप आहेत, तुमची नको." भाऊजी एक दिवस रिकामे थांबले. घरी आल्यावर वहिनींना म्हणाले, "तुमच्या गटाच्या नादी लागून माझं भाडं गेलं." वहिनी दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. ते आम्ही समजू शकतो. त्यांच्या डोक्यावर हप्ता होता, आमच्या डोक्यावर नव्हता.

पण त्यानंतर गावातल्या तिन्ही ट्रकवाल्यांनी ठरवलं की प्रश्न तिघांनीही विचारायचे. एकाने विचारले तर तो भांडकुदळ ठरतो. तिघांनी विचारले तर ती गावाची रीत होते. शेजारच्या गावातले चार ट्रकवालेही आले. मग काही दलाल उत्तरं द्यायला लागले. चार महिन्यांत वहिनींच्या गाडीला तीन वेळा हॉल्टिंग मिळालं. सगळं मागितलेलं नाही, रोजच्या २,००० च्या जागी एकदा १,००० वर भागवलं. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच झाली. "माल तयार आहे का" असं लिहून विचारलं की निम्म्या वेळा समोरचा खरं सांगतो, "उद्या दुपारी या." मग भाऊजी गेटवर कुढत न बसता उद्या दुपारी जातात. मधल्या वेळात झोप तरी होते. झोप झालेला माणूस गाडी चालवतो, तेव्हा घरी आपल्यालाही झोप लागते.

आणि वही वाचून वहिनींनी एक शोध लावला. एका गोदामात गेल्या वर्षभरात पाच वेळा माल नेला आणि पाचही वेळा दोन दिवसांच्या वर गाडी थांबली. भाडं तिथलं जास्त दिसायचं, म्हणून भाऊजी खुश असायचे. दिवसाने भागल्यावर ते सगळ्यात कमी निघालं. आता तिथलं भाडं घेत नाहीत. फेरीचं भाडं किती हे बघायचं नाही, दिवसाला किती पडले हे बघायचं. हे भाऊजींना कळलं ते वहिनींच्या वहीतून.

दोन कागदांची माहिती देते, ती सगळ्या गाडीवाल्या घरांनी ऐकावी. पहिला टीडीएसचा. ज्याच्याकडे दहा किंवा त्याहून कमी मालगाड्या आहेत, त्याने पॅन क्रमांकासह तसं लेखी घोषणापत्र दिलं, तर त्याच्या भाड्यातून टीडीएस कापायचा नसतो. भाऊजींनी ते कधी दिलंच नव्हतं, कारण असं काही असतं हेच माहीत नव्हतं. एका कागदावर लिहून, पॅनची झेरॉक्स जोडून प्रत्येक ट्रान्सपोर्टला द्या. आधीच कापला असेल तर तो तुमच्या पॅनवर जमा दिसला पाहिजे, आणि विवरणपत्र भरून, कर लागत नसेल तर परत मागता येतो. जमा दिसत नसेल, तर तो टीडीएस नव्हता, नुसतीच कपात होती. जाऊन विचारा.

दुसरा कागद उद्यम नोंदणीचा. माल वाहतूक ही सेवा आहे, एका गाडीचा मालकही सूक्ष्म उद्योजक आहे. नोंदणी सरकारी संकेतस्थळावर होते आणि ती फुकट आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. नोंदणी असलेल्याचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, असा २००६ सालचा कायदा आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज मागता येतं आणि तक्रारही करता येते. ३,६०० रुपयांसाठी कोणी तक्रारीला जाणार नाही, हे आम्हालाही कळतं. पण वर्षाची थकबाकी मोठी असेल, तर आपल्या हातात काय आहे ते माहीत असावं. जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा.

आणि एक सावधगिरी. फोनवर भाडं देतो म्हणून आधी नोंदणीचे पैसे टाका, गेटपासचे पैसे टाका, असं कोणी म्हणालं तर एक रुपयाही टाकू नका. भाडं देणारा पैसे देतो, घेत नाही. ओटीपी तर कुणालाच सांगायचा नाही. आमच्या तालुक्यातल्या दोन पिकअपवाल्यांचे असे पैसे गेले आहेत.

आता आमच्या दंडाचं काय झालं ते सांगून थांबतो. पुढच्या बैठकीत आम्ही वहिनींचे १०० रुपये, दोन वेळच्या दंडाचे, परत दिले. वहिनींनी ते घेतले नाहीत. म्हणाल्या, "नियम सगळ्यांना सारखा पाहिजे. मला सूट दिली तर उद्या दुसरी मागेल." मग आम्ही नियमच बदलला. हप्ता चुकणार असेल तर बैठकीच्या आधी सांगायचं आणि वही दाखवायची. पैसे कुठे अडकले ते वहीत दिसलं, तर दंड नाही, एक महिन्याची मुदत. न सांगता चुकलं तर दंड. हा नियम गाडीवालीला आहे, दूध डेअरीचं बिल अडकलेलीला आहे आणि शिलाईचे पैसे राहिलेलीलाही आहे. ठराव वहीत लिहिला, सगळ्यांच्या सह्या झाल्या.

वहिनींच्या टायरचं कर्ज अजून १२,००० बाकी आहे. हप्ते येताहेत. मागच्या महिन्यात भाऊजी पहिल्यांदा बैठकीच्या दिवशी गावात होते. दारात उभे राहून म्हणाले, "ताई, त्या आठ प्रश्नांचा कागद उन्हाने फिका पडलाय, दुसरा द्या." आम्ही दुसरा दिला, आणि या वेळी वरून चिकटपट्टी लावून दिला.

तर मैत्रिणींनो, या आठवड्याच्या बैठकीत एवढंच करा. आपल्या गटात कुणाच्या घरी गाडी आहे ते विचारा. ट्रक असो, पिकअप असो, उसाचा ट्रॅक्टर असो. तिला विचारा, "गेल्या महिन्यात गाडी किती दिवस चालली आणि किती दिवस उभी राहिली?" तिला सांगता आलं नाही, तर एक वही आणि एक पेन द्या. २० रुपयांचा खर्च आहे, गटाच्या खात्यात टाका.